श्रावणातले ऊन आणि नारिंगी प्रथिन

सिल्वासाच्या श्रावणात ऊन आणि सावली यांचा खेळ अखंड चालू असतो. दमणगंगेच्या काठची भातखाचरे घटकाभर ढगांखाली काळवंडतात आणि दुसऱ्याच क्षणी लख्ख उन्हात न्हाऊन निघतात. खाचरांतल्या पाण्यावर धरलेला निळसर-हिरवा थर आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. घरात आम्ही त्याला नुसते शेवाळ म्हणतो. शास्त्रज्ञ त्यातील पुष्कळ सूक्ष्मजीवांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. त्यांपैकी काही हवेतील नत्र बांधून भाताला खत पुरवितात, याकडे डॉ. पी. के. डे यांनी १९३९ साली लक्ष वेधले होते.

या जीवांचे अन्न म्हणजे सूर्यप्रकाश. परंतु पचेल त्याहून अधिक अन्न अंगी लागत नाही, बाधतेच. पेशीला वापरता न येणाऱ्या प्रकाशापासून प्राणवायूची घातक रूपे निर्माण होतात. त्यावर निसर्गाने योजलेला उपाय म्हणजे एक नारिंगी प्रथिन. क्रोगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ साली ते प्रथम वेगळे केले. केरफेल्ड यांच्या गटाने २००३ साली त्याची रचना उलगडली. प्रथिनाचे दोन भाग, आणि दोहोंच्या मधोमध गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातला एक रेणू, दोन ओंजळींत धरलेल्या काडीसारखा. तीव्र निळसर-हिरवा प्रकाश पडला की ही काडी एका भागात सरकते. हे सरकणे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून किंचितच अधिक. पण तेवढ्याने दोन्ही भाग विलग होतात आणि नारिंगी प्रथिन तांबडे होते. मग ते प्रकाश गोळा करणाऱ्या यंत्रणेला बिलगते आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देते.

आम्हांला याहून मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. ऊन ओसरल्यावरही छत्री उघडीच राहिली, तर पेशीची उपासमार व्हायची. म्हणून ती मिटविणारे दुसरे एक प्रथिन तेथे असते. ते २०१० साली उजेडात आले. त्याच्या साह्याने तांबडे प्रथिन यंत्रणेपासून सुटून पुन्हा नारिंगी होते.

मोठ्या वनस्पतींत हेच काम निराळी प्रथिने करतात. मात्र छत्री मिटवायला त्यांना अंमळ उशीर लागतो. ढग आल्यावर ती लवकर मिटेल असा बदल तंबाखूच्या रोपांत केला, तेव्हा शेतातील वाढ सुमारे १५ टक्क्यांनी अधिक भरली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. ढगांच्या छायेत भात पिकविणाऱ्या आमच्या या मुलखाला ही वार्ता परकी वाटू नये. संकटात अंग आखडून घेणे पुष्कळांना साधते. संकट सरल्याचे वेळीच ओळखून पुन्हा कामाला लागणे अवघड, आणि पाण्यावरचा तो थर दर सावलीला तेच करीत असतो.