एकच बीज, तीन सुरावटी

ज्या संगीतात रचनाकार सुरावट लिहीत नाही, तर सुरावट कशी घडावी याचे नियम लिहितो आणि प्रत्यक्ष स्वरांची निवड त्या नियमांच्या चौकटीत यंत्रावर सोपवतो, त्या संगीताला जनरेटिव्ह संगीत म्हणतात. ही संज्ञा १९९० च्या दशकाच्या मध्यात ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारामुळे रूढ झाली. कल्पना मात्र तिच्याहून बरीच जुनी आहे. लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅक्सन यांनी इलिनॉय विद्यापीठातील इलियाक या संगणकाच्या साहाय्याने चार तंतुवाद्यांसाठीची 'इलियाक सूट' ही रचना १९५७ साली पुरी केली, तेव्हाच यंत्राने फासे टाकायचे आणि नियमांत बसतील तेवढेच स्वर ठेवायचे ही कामाची वाटणी ठरून गेली होती. त्या काळी प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्ये आजच्या अर्थाने तिसरे कोणी नव्हते. आज आहे. फाइल कोठे ठेवायची, घड्याळ किती बारीक चालवायचे, ध्वनी कोणत्या वाटेने स्पीकरपर्यंत न्यायचा हे सारे ठरवणारी ऑपरेटिंग सिस्टीम मध्ये बसलेली असते, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींच्या सवयी वेगळ्या असल्यामुळे एकीवर घडवलेली रचना दुसरीवर नेली की ती चालते, पण ती तीच राहते असे नाही.

हा फरक कोठून शिरतो हे पाहण्यासाठी अगदी लहान उदाहरण पुरेसे आहे. संगणकाला खरा योगायोग सहजासहजी साधत नाही. तो एका आरंभीच्या संख्येवर ठरावीक गणित करून दिसायला बेशिस्त, पण मुळात पूर्ण ठरलेली अशी संख्यांची माळ काढतो. त्या आरंभीच्या संख्येला बीज म्हणतात, आणि बीज तेच असेल तर माळही तीच येते, या भरवशावर जनरेटिव्ह रचना पुन्हा वाजवता येते. सी या भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत यासाठी 'रँड' नावाचे फंक्शन आहे. त्याला १ हे बीज द्यावे, आलेल्या प्रत्येक संख्येला बाराने भागावे, आणि बाकी शून्य उरली तर षड्ज, एक उरली तर कोमल ऋषभ, अशा क्रमाने अकरापर्यंत, म्हणजे शुद्ध निषादापर्यंत, सप्तकाचे बारा स्वर मोजावेत, एवढाच प्रोग्राम समजा लिहिला. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीतून ४१, १८४६७, ६३३४ आणि २६५०० या संख्या येतात. बाकी उरते ५, ११, १०, ४, आणि ऐकू येतो शुद्ध मध्यम, शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध गंधार. लिनक्सवरच्या नेहमीच्या लायब्ररीतून पहिलीच संख्या १८०४२८९३८३ येते, आणि पहिल्या चार संख्यांच्या बाक्या ७, १०, ९, ७ निघतात, म्हणजे पंचम, कोमल निषाद, शुद्ध धैवत, पंचम. मॅकवर पहिली संख्या १६८०७ असते आणि स्वर येतात पंचम, कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, शुद्ध ऋषभ. प्रोग्रामची एक ओळही बदललेली नसते, बीज तेच असते, कोणतीही चूक झालेली नसते. कारण फासा टाकायचा एवढेच प्रमाणित भाषेने सांगितले आहे, तो कसा घडवायचा हे लायब्ररी लिहिणाऱ्यावर सोडले आहे.

लिनक्सवरचा तुकडा मराठी कानाला लगेच खमाजाकडे नेतो, विंडोजवरच्या तुकड्यात दोन निषाद एकापाठोपाठ येऊन ठेचकाळल्यासारखे वाटते, आणि मॅकवरचा तुकडा कोणत्याच घरचा वाटत नाही. अर्थात यात लिनक्सला रागदारी कळते असे काही नाही. पण जो रचनाकार लिनक्सवर बसून बीज निवडत होता, त्याने हे चार स्वर ऐकूनच १ हे बीज ठेवले असणार, आणि इथे एक गोष्ट उघड होते जी जनरेटिव्ह संगीताच्या सिद्धान्तात सहसा मान्य केली जात नाही: रचनाकार नियम लिहून बाजूला होतो हे अर्धेच खरे आहे. व्यवहारात तो नियम लिहितो, ऐकतो, बीज बदलतो, पुन्हा ऐकतो, आणि कानाला पटलेला योगायोग राखून ठेवतो. म्हणजे योगायोगाचाही काही भाग त्याच्या कर्तृत्वात मोडतो, आणि तो भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या पदरात टाकून मोकळे होणे हा त्याचा निष्काळजीपणाच म्हटला पाहिजे.

या क्षेत्रातील जुनी, मुरलेली साधने म्हणूनच स्वतःचा फासा स्वतःबरोबर बाळगतात. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये मॅकसाठी प्रसिद्ध केलेली आणि २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली आल्यावर इतर प्रणालींवर पसरलेली 'सुपरकोलायडर' ही ध्वनिभाषा, तसेच मिलर पकेट यांचे 'प्युअर डेटा', ज्यात प्रोग्राम लिहायचा म्हणजे पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडायच्या, या दोहोंत यादृच्छिक संख्यांचे गणित आतच लिहिलेले आहे. 'प्युअर डेटा'ची यातली एक खोड मात्र नवशिक्याला हमखास चकवते: बीज मुद्दाम दिले नाही, तर त्यातली 'रँडम' ही चौकट प्रोग्राम उघडताच दर वेळी तीच माळ काढू लागते, आणि रोज सकाळी नवे संगीत ऐकण्याच्या अपेक्षेने बसलेल्याला रोज सकाळी कालचेच ऐकू येते.

फाशानंतर येते घड्याळ. विंडोजचे नेहमीचे टायमर परंपरेने सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्याने चालत आले आहे, आणि प्रोग्रामने अधिक बारीक ठोका मागून घेतला नाही, तर स्वर कधी वेळेवर तर कधी पाव-अर्धी मात्रा नव्हे, पण कानाला बोचेल इतका उशिरा पडतो. संथ, पसरट नादाच्या रचनेत हे लपून जाते, द्रुत लयीतल्या ठेक्यात मात्र तबलजी पेंगतो आहे असा भास होतो. यावर दोन उपाय निघाले, आणि दोन्हींचे मर्म एकच आहे की संगीताने प्रणालीच्या घड्याळाकडे पाहूच नये. 'प्युअर डेटा' वेळ मोजते ती ध्वनीच्या नमुन्यांत. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४१०० वेळा मोजली जात असेल, तर त्यातला प्रत्येक मोजलेला आकडा म्हणजे एक नमुना. असे ६४ नमुने झाले की १.४५ मिलिसेकंद सरले असे प्रोग्राम धरतो, मग बाहेरच्या जगात तेवढ्यात काहीही घडलेले असो. 'सुपरकोलायडर'ने आपले दोन भाग केले, एक विचार करणारा आणि एक वाजवणारा. विचार करणारा भाग प्रत्येक स्वरावर वेळेचा शिक्का मारून तो सहसा ०.२ सेकंद आधीच वाजवणाऱ्याकडे पाठवतो, त्यामुळे वाटेत प्रणालीने कोठे अडवले तरी स्वर शिक्क्यावरच्या वेळी पडतो.

या ०.२ सेकंदांवरून एका लोकप्रिय चिंतेचा फोलपणाही ध्यानात यावा. संगणकावर संगीत करणारे विलंबाविषयी, म्हणजे कळ दाबल्यापासून ध्वनी ऐकू येईपर्यंत जाणाऱ्या काळाविषयी, अखंड बोलत असतात. विंडोजवर स्टाइनबर्ग कंपनीची 'आसियो' ही वाट घ्यावी, लिनक्सवर 'जॅक' चालवावे की 'पाइपवायर', मॅकवर 'कोअर ऑडिओ' असल्याने चिंताच नाही, इत्यादी. विलंब कमी करायचा तर ध्वनी पुढे पाठवण्यापूर्वी साठवून ठेवण्याची जागा, म्हणजे बफर, लहान ठेवावी लागते. २५६ नमुन्यांच्या बफरला ५.८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे साधारण दोन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज पोहोचायला लागतो तेवढा वेळ. सतारीऐवजी कळफलक वाजवणाऱ्याला हे महत्त्वाचे आहे. पण जनरेटिव्ह रचनेत कळ दाबून उत्तराची वाट पाहणारा हातच नसतो. तिथे बफर २०४८ नमुन्यांचा केला आणि विलंब ४६ मिलिसेकंदांवर गेला तरी कोणाचे काही बिघडत नाही. उलट प्रदर्शनाच्या दालनात आठ-आठ तास चालणाऱ्या रचनेत मध्येच 'टक्' असा तुटक आवाज येण्याची, म्हणजे बफर वेळेत न भरला गेल्याची, शक्यता कितीतरी कमी होते. वादकांच्या सल्ल्याने जनरेटिव्ह रचनेची प्रणाली मांडणे ही म्हणून सरसकट होणारी चूक आहे.

नादाचा गुण हा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे कोणताच उपाय पुरा पडत नाही. ईनो यांचे 'जनरेटिव्ह म्युझिक १' हे १९९६ मध्ये फ्लॉपी डिस्कवर प्रसिद्ध झाले. त्यात ध्वनिमुद्रण नव्हते, तर एस.एस.ई.वाय.ओ. कंपनीच्या 'कोअन' या सॉफ्टवेअरने त्या त्या वेळी घडवायच्या बारा रचनांचे नियम होते, आणि त्यांचा नाद संगणकातल्या विशिष्ट जातीच्या साउंड कार्डावर बेतलेला होता. नियम जपून ठेवता येतात, कार्ड बाजारातून जाते. त्याऐवजी 'जनरल मिडी' या १९९१ च्या प्रमाण यादीचा आधार घेतला, तर त्यात १२८ वाद्यांना क्रमांक दिलेले आहेत, १०५ वा क्रमांक सतारीचाही आहे. पण सतार कशी वाजावी हे ती यादी सांगत नाही, आणि विंडोजबरोबर येणारी सतार, मॅकबरोबर येणारी सतार आणि लिनक्सवर वापरणाऱ्याने स्वतः आणून बसवलेल्या ध्वनिसंचातली सतार या तिघी एका घरच्या वाटत नाहीत. यात बारकाईने लक्ष घालणाऱ्याने नाद प्रोग्राममध्येच गणिताने घडवावा किंवा नमुन्यांच्या फाइली रचनेबरोबरच द्याव्यात. तरीही थोडा फरक राहिला तर तो एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात गेल्यावर पडणाऱ्या फरकासारखा समजून सोडून द्यायला हरकत नसावी. फाशाच्या बाबतीत मात्र अशी सवलत देता येत नाही, कारण तिथे सभागृह बदलत नाही, चीज बदलते.

ध्वनीच्या फाइली बरोबर दिल्या की फाइलींच्या नावांचा एक किरकोळ वाटणारा, पण रचना पूर्ण मुकी करू शकणारा प्रश्न उभा राहतो. रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे लिनक्स वेगळी मानतो, विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. मराठी नावांतली अडचण मात्र ठाऊक असणारे थोडे. 'वाऱ्याचा आवाज' या नावातील 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते, एकसंध चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. २०१७ पर्यंत मॅकवर चालत आलेली फाइलींची जुनी व्यवस्था नाव जतन करताना हे अक्षर मुकाट्याने दुसऱ्या प्रकारात फोडत असे. तीच फाइल लिनक्सवर आणली, तर पडद्यावर नाव हुबेहूब दिसते, पण प्रोग्राम एकसंध 'ऱ' शोधत राहतो आणि फाइल नाही असे सांगतो. एका नुक्त्यापायी वारा वाहायचा थांबतो, आणि दोष शोधणारा मात्र साउंड कार्डाच्या तारा तपासत बसतो.

या सगळ्याला कंटाळून पुष्कळ रचनाकार शेवटी तासाभराचे ध्वनिमुद्रण करून ठेवतात, आणि संग्रहासाठी ते करावेही, कारण कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम ते तसेच्या तसे वाजवते. सोबत बीज, नमुन्यांचा वेग, प्रोग्रामची आवृत्ती आणि ज्या प्रणालीवर ती रचना कानाला पटली तिचे नाव एवढे चार शब्द साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवले, तर पंचवीस वर्षांनी नवा फासा हाती घेऊन बसणाऱ्याला जुना पंचम, कोमल निषाद, धैवत, पंचम कोठून आला होता हे निदान शोधता येते.