पाठीवरचं पोहणं

पोहण्यानं मला शिस्त लावली असं मी म्हटलं, तर आई हसेल. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे पाचला मला अंथरुणातून ओढून काढायची ती. टँक येईपर्यंत मी तिच्या स्कूटरवर मागे पेंगत असायचे. शिस्त तिची, मेडलं माझी.

माझं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर बॅकस्ट्रोक. बाकीचे ठोकळ्यावरून सूर मारतात. आम्ही आधीच पाण्यात, भिंतीला पाय लावून लोंबकळत. आणि जायचं तिकडेच पाठ. छत असलं तर तुळईच्या रेषेत सरळ जाता येतं. आमचा टँक उघडा, वर नुसत्या घारी. लेनच्या दोरीला घासून दंड सोलवटलेला असायचा.

बॅकस्ट्रोकवाले मुळात विक्षिप्तच. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि जपानचा दाइची सुझुकी सुरुवातीचं बरंच अंतर पाण्याखालूनच लाथा मारत गेले. सुवर्ण सुझुकीला मिळालं, आणि मग नियम आला. आता पंधरा मीटरच्या आत डोकं वर काढावंच लागतं.

भिंत जवळ आली हे कळायला एकच खूण: पाच मीटर अलीकडे, पाण्यावर टांगलेली झेंड्यांची माळ. ती डोळ्यांवरून सरकली की हात मोजायचे. तीन मोजून चौथ्याला पालथं व्हायचं आणि कोलांटी. ही सवलत १९९१ ची. त्याआधी पाठीवर असतानाच हातानं भिंत शिवावी लागे. गोची व्हायची ती तिसऱ्या हाताला. डोकं आपटेल या भीतीनं मान वळते, मान वळली की कंबर बुडते आणि वेग जातो. सर काठावरून ओरडायचे, "बघू नकोस, मोज!"

पुढे सीए झाले. मार्चअखेरीला हे मोजणं फार कामी आलं. तारीख ठरलेली असते, तिच्याकडे बघत बसलं की हात मंदावतो.

बाबा आयसीयूत होते तेव्हाही मी मोजतच होते. क्रिएटिनिन, ऑक्सिजन, लघवीचे मिली, सगळं वहीत. पण भिंत किती लांब, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. रोज एकच वाक्य, "उद्या बघू." माझी वही भरत गेली आणि मी बाबांपेक्षा मॉनिटरकडेच जास्त पाहिलं. आई आकडे विचारायचीच नाही. बाबांचे पाय चोळायची, शेजारच्या पेशंटच्या बायकोला अर्धी पोळी द्यायची, रात्री रिक्षानं घरी जाऊन शांत झोपायची. टँकवर एवढी वर्षं काठावर बसून राहिलेली बाई. वाट बघण्याचा सराव तिचाच झाला होता.

हल्ली आमच्या सोसायटीत टँक आहे. आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा, मध्येच कारंजं, झेंडे अर्थातच नाहीत. तिथे पाठीवर पडायची माझी छाती होत नाही. काकूंच्या घोळक्यातून मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोक मारते, आणि तिथला लाइफगार्ड मला मोठ्या आपुलकीनं पाय कसे मारायचे ते शिकवतो.