हातांचं देणं

पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचं माझ्यावर ऋण आहे. जाहीर कौतुक त्यांना रुचणार नाही, म्हणून नाव लिहीत नाही. ऋण मात्र लिहून ठेवायलाच हवं.

मी मुद्रितशोधक. सारी उमर प्रुफांवर मान घालून गेली. डोकं दुखायचं ते नेहमी उजवीकडे. मानेच्या वरच्या टोकाशी, केसांच्या रेषेपाशी सुरू व्हायचं आणि चढत चढत डोळ्यामागे ठाण मांडायचं. घरचे म्हणत अर्धशिशी, शेजारी म्हणत पित्त. सुंठेचा लेप झाला, चष्म्याचा नंबर तपासून झाला, गोळ्या तर किती झाल्या. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी गंभीर काही नसल्याची खात्री करून घेतली आणि मला या बाईंकडे पाठवलं.

मानेला हात लावण्याआधी त्यांनी प्रश्नच प्रश्न विचारले. चक्कर येते का? एकाचे दोन दिसतात का? गिळताना, बोलताना अडतं का? कधी पडला होतात का? संधिवात आहे का? मग म्हणाल्या, "काकू, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतून जातात. हे विचारल्याशिवाय मी मान हलवत नाही."

मला उताणं झोपवून त्यांनी माझी हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवली आणि तशीच मान डावीकडे वळवली. गेली. उजवीकडे मध्येच अडली. मान अशी वाकवली की खालचे मणके फारसे वळत नाहीत आणि वळायचं काम वरच्या दोन मणक्यांवर येतं. निरोगी माणसाची मान या तपासणीत दोन्ही बाजूंना साधारण ४४ अंश वळते. मग पालथं करून त्यांनी दुसऱ्या मणक्याच्या उजव्या अंगाला अंगठा हलकेच दाबला आणि डोळ्यामागे तीच ओळखीची कळ उठली.

"हीच का?"

"हीच," म्हणताना मला रडू फुटलं. माझ्या दुखण्याची जागा तोवर कुणी बोट ठेवून दाखवली नव्हती.

नंतर त्यांनी कारण समजावलं. मानेच्या वरच्या तीन नसांमधून आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून येणाऱ्या वेदना मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच केंद्रात पोचतात. म्हणून दुखणं मानेचं असलं तरी जाणवतं कपाळात, डोळ्यात. अशा डोकेदुखीला वेगळं नाव आणि ओळख दिली नॉर्वेच्या ओट्टार शोस्ताद यांनी, १९८३ साली. "पण प्रत्येक डोकेदुखी मानेची नसते हं," हेही त्यांनी बजावलं. "मायग्रेनमध्येही मान दुखते."

उपचारात कडकन मान मोडणं नव्हतं. अंगठ्यांनी त्या एकाच मणक्यावर मंद लयीत दाब, आणि दर थोड्या वेळाने "आता कसं वाटतंय?" ही विचारपूस. मी आभार मानले की म्हणायच्या, "हे माझं नाही काकू, शिकवलेलं आहे." आणि गुरुजनांची नावं घेतल्यासारखी नावं घ्यायच्या: असे हलके दाब चढत्या पायऱ्यांत बसवणारे ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड, रुग्णाच्या हालचालीला हाताची साथ देणारे न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन. ऑस्ट्रेलियाच्याच ग्वेन जुल यांनी अशा डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर अभ्यास केला होता. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. हातांच्या उपचाराचाही गुण आला, मानेच्या व्यायामाचाही, आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता.

म्हणूनच बाई पुढे मला व्यायामाकडे घेऊन गेल्या. उताणं पडून, मानेखालच्या हवेच्या पिशवीवर दाब किंचित वाढेल इतपतच हनुवटी आत घ्यायची आणि धरून ठेवायची. मग टॉवेलची कड मानेच्या वरच्या टोकाशी लावून, ती पुढे ओढत मान वळवायची. वळताना दुखता कामा नये. माझ्या हाताला ते नीट जमल्यावर त्या म्हणाल्या, "आता माझ्याकडे यायची गरज नाही."

त्यांच्या हातांना गुण होता, मी येतच राहिले असते. त्यांनी मात्र उपचार माझ्याच हाती दिला आणि मला मोकळं केलं. काम फार झालं की कळ अजूनही डोकावते, पण आता तिची भीती वाटत नाही. काय करायचं ते मला ठाऊक आहे.

हे ऋण त्यांना परत करता येत नाही, पुढे देता येतं. मानेतून डोकं चढतं असं कुणी म्हणालं की मी सांगते, आधी डॉक्टरांना दाखवा, आणि काही न विचारता मान पिळणाऱ्याच्या हाती ती देऊ नका. आधी विचारणारे आणि पुढे तुम्हाला शिकवणारे हात शोधा.