टाकीभोवतीची माती

पेट्रोल पंपाखालची टाकी गळते आहे का, हे शोधायला बोलावणं येतं तेव्हा लोक बोअर मशीनची वाट पाहत असतात. मी आधी स्टॉक रजिस्टर मागते. रोज डिप रॉड सोडून मोजलेली पातळी, टँकरमधून उतरवलेला माल आणि मीटरवरची विक्री, या तिन्हींचा मेळ घालते. पेट्रोल उडून थोडी घट होतेच. पण तूट महिनोन्‌महिने त्याच टाकीवर वाढत जात असेल तर काहीतरी जमिनीत जातं आहे. मग जुन्या कामगारांशी बोलते. पूर्वीची टाकी कुठे होती, पाइप कुठून वळवला, हे नकाशापेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. अनेकदा टाकी शाबूत असते आणि गळतो तो पाइपचा जोड.

त्यानंतर आसपासच्या विहिरी. "पाण्याला रॉकेलचा वास येतोय" असं कुणी सांगितलं तर कधीपासून, आणि उन्हाळ्यात की पावसाळ्यानंतर, एवढं विचारावंच लागतं.

दख्खनच्या जमिनीत हे काम पुस्तकाप्रमाणे होत नाही. वाळूच्या जमिनीत गळलेलं पेट्रोल कुठवर पसरेल याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. काळी माती ओली असताना पाणीही सहजी सोडत नाही, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तीच माती वाट मोकळी करते. मुरमातून पेट्रोल खाली झिरपतं. कातळात ते फक्त सांध्यांतून आणि भेगांतून हिंडतं. बेसॉल्टच्या दोन थरांमधल्या लाल मातीवर अडलं, तर आडवं सरकतं. म्हणून पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन शेतं पलीकडची खराब, असं होऊ शकतं. बोअर कुठे घ्यायचा हे ठरवण्याआधी त्या गावात विहिरी खणणाऱ्यांना मी गाठते. कोणत्या खोलीवर झरा लागतो आणि तो कोणत्या अंगाने येतो, हे त्यांना माहीत असतं.

ऋतूही तितकाच महत्त्वाचा. पेट्रोल पाण्याहून हलकं, ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही खाली उतरतं आणि वाटेतल्या मातीला चिकटून राहतं. पावसाळ्यात पाणी चढलं की ही माती पाण्याखाली बुडते. केवळ वरची माती तपासून किंवा एकाच महिन्यात जाऊन हा पट्टा हाती लागत नाही. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, असे दोनदा नमुने घ्यायलाच हवेत.

नमुना घेण्यात खरी कसोटी हातांची असते. पेट्रोलमधलं बेन्झीन हवेत झटकन उडतं. माती वर आली की ती न चुरगाळता लगेच बाटलीत भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली बर्फात ठेवायची. दर नमुन्याला हातमोजे नवे. त्याच मातीचा वेगळा भाग पिशवीत बंद करून थोडा वेळ ठेवायचा आणि आतल्या हवेतली वाफ मीटरने मोजायची. हा मीटर वाफ आहे एवढंच सांगतो, कशाची ते प्रयोगशाळा सांगते. माती नाकाला लावून पाहण्याची सवय मात्र मी कुणालाही लागू देत नाही. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो.

इतकी काळजी कशासाठी, याचा हिशेब साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात बेन्झीन ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावं. आपल्या पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत असू शकतं. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेन्झीन पाण्यात उतरलं, तर साधारण पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला टेकतं. आणि पाण्यात बेन्झीनचा वास कळेपर्यंत ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. वास येत नाही म्हणून विहीर चांगली, असं म्हणता येत नाही.

त्यामुळे अहवालात 'प्रदूषण नाही' हे दोन शब्द मी लिहीत नाही. कुठे, किती खोल, कोणत्या महिन्यात शोधलं आणि तिथे काय आढळलं वा आढळलं नाही, एवढंच लिहिते. वाचणाऱ्याला पुढचा बोअर कुठे घ्यावा हे त्यातून कळलं पाहिजे.

दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २०२५ मध्ये काढले. पण गळतीनंतरच्या बहुतेक वादांत मूळ अडचण एकच असते: आधी ती माती आणि ते पाणी कसं होतं, याची नोंदच नसते. म्हणून पंपमालकांना आणि शेजारच्या शेतकऱ्यांना माझं सांगणं आहे. खड्ड्यात टाकी उतरण्याआधी तिथल्या मातीची आणि जवळच्या विहिरींची तपासणी करून घ्या, आणि अहवालाची एकेक प्रत दोघांनीही जपून ठेवा.