सांगली-मिरजेकडील चार दिवस

गेल्या मार्गशीर्षांत आमचें सांगलीस जाणें झालें. घरांत निमित्त गणपतीच्या दर्शनाचें सांगितलें होतें; पण खरें काम निराळें होतें, व तें आमच्या वडील बंधूंनीं आमच्यावर सोंपविलें होतें. त्यांचा धाकटा चिरंजीव, म्हणजे आमचा पुतण्या, पुण्यास एका संगणक-कंपनींत दरमहा सत्तर हजार रुपयांच्या नोकरीवर होता. ती नोकरी त्यानें दीड वर्षापूर्वीं सोडली आणि सांगलीच्या गांवभागांत दोन खोल्या भाड्यानें घेऊन तो राहूं लागला. तो तेथें करतो तरी काय, हें आमच्या वाईच्या घरांत कोणासच धड सांगतां येत नव्हतें. शेजारणींनीं विचारलें तर वहिनी "त्याचें आपलें स्वतःचें कांहीं आहे," एवढें बोलून विषय बदलीत. "तूं पस्तीस वर्षें मुलें वळविलींस, याला तेवढा नोकरीकडे वळवून ये," असें बंधूंनीं बजावलें, तेव्हां आम्हीं पिशवी भरली.

साताऱ्याहून आगगाडींत बसलों. कऱ्हाड मागें पडल्यावर कांहीं वेळानें किर्लोस्करवाडीचें स्टेशन लागतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. बढती डावलली गेली म्हणून त्यांनीं ती जागा सोडली, बेळगांवास सायकलींचें दुकान चालविलें, आणि पुढें १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या कुंडलच्या माळावर ही वसाहत उभी केली. हा इतिहास आम्हीं वर्गांत कितीदां तरी मोठ्या आवेशानें सांगितला आहे. त्या दिवशीं मात्र स्टेशनाची पाटी पाहून आम्हांस ओशाळल्यासारखें झालें. परक्याच्या मुलानें नोकरी सोडली तर तो धडा, आणि आपल्या घरच्यानें सोडली तर तें संकट, असा आमचा हिशेब होता खरा!

सांगली हें पटवर्धनांच्या संस्थानाचें गांव. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सीतास्वयंवराचा खेळ केला तो येथेंच. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यांत या पुलापाशीं पाणी किती फुटांवर आलें याकडे साऱ्या गांवाचे कान लागलेले असतात. चिरंजीवानें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत असतां चार वर्षें येथें काढलीं, म्हणून हें गांव त्याच्या ओळखीचें. पहिल्या दिवशीं गणपतीचें दर्शन झालें, रात्रीं जेवणें झालीं, आणि मग आम्हीं मुद्द्याला हात घातला.

"काका," तो म्हणाला, "लहान दुकानदाराजवळ आज चार साधनें असतात. गिऱ्हाइकाचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, पैसा यूपीआयनें येतो, बिल टॅलींत होतें आणि पाठविलेल्या मालाची नोंद वहींत होते. हीं चार घरें एकमेकांशीं बोलत नाहींत. त्यांच्यामध्यें हेलपाटे घालणारा निरोप्या म्हणजे मालक स्वतः. मी तेवढे हेलपाटे वांचवितों."

त्यानें संगणकावर आपलें काम दाखविलें. रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या चौकटी मांडलेल्या व रेघांनीं सांधलेल्या होत्या. एका चौकटींत निरोप आला कीं दुसरी जागी होते, तिनें आपलें काम केलें कीं तिसरी. एका साधनांतून दुसऱ्यांत जाण्याचीं जीं दारें त्या त्या कंपनीनें ठेविलेलीं असतात त्यांस एपीआय म्हणतात. असें सांधकाम करण्याचीं साधनें तयार मिळतात: अमेरिकेंतील झेपियर २०११ पासूनचें, बर्लिनचें एन-एट-एन २०१९ पासूनचें. परंतु या सर्वांस एक अडचण होती. यंत्राला ठराविक नमुन्यांत भरलेला कागद समजे. माणसाचें सैल बोलणें समजत नसे. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांसमोर आलें, त्यानंतर ही अडचण पुष्कळच दूर झाली. आतां साध्या मराठींतला निरोप वाचून त्यांतून माल, वजन व पत्ता वेगळे काढण्याचें काम भाषेचें यंत्र करतें. आमच्या पुतण्याचा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

मात्र या कृत्रिम बुद्धीचा स्वभाव त्यानें आमच्यापासून लपविला नाहीं. अफाट वाचनाच्या जोरावर कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द येण्याचा संभव आहे, हें ती ताडते. माहीत नसलें तरी ती अडखळत नाहीं. तितक्याच ठामपणें उत्तर देते. असे विद्यार्थी आमच्या वर्गांत पुष्कळ होऊन गेले. त्यांस बक्षिसें मिळत. पण तपासणी केल्यावांचून त्यांच्या हातीं वर्गाची वही आम्हीं कधीं दिली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं हरिपुरास गेलों. कृष्णा आणि वारणा यांचा संगम येथें आहे, संगमेश्वराचें देऊळ आहे, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचें हें गांव. येथील हळदीचीं पेवें प्रसिद्ध. जमिनींत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद बंद करून ठेवीत. पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नाहीं. आंतली कोंडलेली हवा जीव घेणारी असते, म्हणून ती आधीं जाऊं द्यावी लागते. २००५ च्या महापुरांत या पेवांची मोठी हानि झाली. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, परंतु साठवण आतां बहुतेक गोदामांतून होते.

ज्या घरीं आम्हीं गेलों तें कुटुंब हळद दळून पुड्या बांधून घरोघर पाठवितें. पूर्वीं सूनबाई रात्रीं अकरापर्यंत निरोप वाचून वहींत उतरून घेत. सणाच्या दिवसांत एखादा निरोप राहून जाई आणि गिऱ्हाईक कायमचें तुटे. आतां निरोप आला कीं यादींत ओळ पडते, बिलाचा मसुदा होतो, आणि सूनबाईंनीं 'होय' म्हटल्यावर तो जातो. आमच्यासमोरच एक निरोप आला, "मागच्यासारखीच, पण या खेपेस अर्धा जास्त." यंत्रानें वजनाची जागा रिकामी ठेविली आणि सूनबाईंचा फोन वाजला. त्या हंसून म्हणाल्या, "या साताऱ्याच्या काकू. त्यांचें अर्धा म्हणजे अर्धा किलो. कऱ्हाडच्या डॉक्टरीणबाई अर्धा म्हणतात, तेव्हां मागच्या वजनाचा अर्धा समजायचा."

घरच्या वृद्ध मालकांनीं आम्हांस एका बाजूस नेऊन सांगितलें, "गुरुजी, पहिले आठ दिवस तुमच्या पुतण्यानें संगणक उघडलाच नाहीं. नुसता आमच्या ओटीवर बसून होता. आम्हांला वाटलें, हा पैसे कशाचे घेणार?" पुढें नवव्या दिवशीं त्यानें सूनबाईंस विचारलें कीं, कोठें अडल्यास यंत्रानें तुम्हांलाच विचारावें, त्या जागा मला सांगा. त्या जागा सतरा निघाल्या. सारें जोडल्यावरही पंधरा दिवस खोट्या मागण्या घालून त्यानें तें तपासलें. मगच खऱ्या गिऱ्हाइकाचा निरोप त्यांतून जाऊं दिला. पेवांत उतरण्यापूर्वीं थांबणाऱ्या त्या गांवांत ही रीत कोणास विचित्र वाटली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मिरजेस गेलों. खांसाहेब अब्दुल करीमखां १९३७ सालीं वारले; त्यांची कबर येथील मीरासाहेबांच्या दर्ग्यांत आहे. तंतुवाद्यें करणारीं मिरजेचीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचीं. हत्यारांची मागणी सरल्यावर एकोणिसाव्या शतकांत ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं मानांकन मिळालें. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, आणि तो पुरता सुकल्यावांचून कामास येत नाहीं.

येथें आम्हांस एक गोष्ट कळली, जी चिरंजीवानें घरीं कळविली नव्हती. एका वृद्ध कारागिराकडे परदेशांतून इंग्रजींत पत्रें येत. त्यांचीं उत्तरें यंत्रानें परस्पर धाडावीं, अशी योजना त्यानें आरंभीं करून दिली होती. एका रात्रीं कोणी विचारलें, "तंबोरा महिन्याभरांत मिळेल काय?" यंत्रानें मोठ्या नम्रतेनें "अवश्य" म्हणून कळविलें. गिऱ्हाइकानें आगाऊ पैसे भरले. सकाळीं कारागिरास कळलें, तेव्हां भोपळा अजून ओला होता!

"मास्तर," तो वृद्ध आम्हांस म्हणाला, "आमच्या तीन पिढ्यांत शब्द देऊन तो मोडला नव्हता. त्या दिवशीं फार वाईट वाटलें. पण तुमचा मुलगा खबर मिळतांच सकाळीं सातला दारांत उभा होता. गिऱ्हाइकाला त्यानें स्वतःच्या नांवानें पत्र लिहिलें, कीं चूक माझी, कारागिराची नव्हे. पैसे परत गेले. माझ्याकडून घेतलेले पंधरा हजार त्यानें मी न मागतां परत केले." त्यानंतर तेथली रीत बदलली. आलेलें पत्र कारागिरास मराठींत वाचून दाखविलें जातें, तो तोंडानें उत्तर सांगतो, त्याचें इंग्रजी होतें, तें पुन्हां मराठींत ऐकवलें जातें, आणि त्यानें अंगठा दाबल्याखेरीज एक अक्षर बाहेर जात नाहीं. पुतण्या खालीं मान घालून तारा न्याहाळीत बसला होता. त्यास परत नेण्याचें आम्हीं घोकून ठेविलेलें भाषण आम्हांस तेथेंच निरुपयोगी वाटूं लागलें.

तरी चौथ्या दिवशीं पैशाची चौकशी केलीच. त्यानें वही पुढें केली. पहिल्या चार महिन्यांत मिळून अठरा हजार रुपये! आतां एका कामाचे पंधरा ते चाळीस हजार मिळतात. नऊ ठिकाणांहून देखभालीचे दरमहा अडीच हजार येतात. देखभाल लागतेच, कारण कंपन्या आपलीं दारें व दर बदलतात, आणि एका रात्रींत सांधा निखळतो. भाड्याचा सर्व्हर व विजेचा खर्च त्याचा स्वतःचा. भाषायंत्राचा आकार शब्दांच्या प्रमाणांत असतो व तो गिऱ्हाईक देतें. गिऱ्हाइकांचीं नांवें-पत्ते सांभाळण्याविषयीं २०२३ चा कायदा आहे, त्याचेंही ओझें असतें. गेल्या वर्षाची सरासरी महिना पंचेचाळीस हजार पडली. नोकरीहून कमीच, आणि कोणता महिना कोरडा जाईल याचा नेम नाहीं.

आम्हीं एक प्रश्न राखून ठेविला होता. "बाळ, तुझ्या या कामानें कोणाची भाकरी जाते कीं काय?" तो लागलीच बोलला नाहीं. मग म्हणाला, "हरिपुरास दिवाळीच्या सुमारास एक कॉलेजचा मुलगा दोन महिने पत्ते लिहायला येत असे. यंदा त्याला बोलावलें नाहीं. काका, त्याला द्यायला माझ्यापाशीं उत्तर नाहीं. तो माझ्याकडे शिकायला येतो का, म्हणून विचारलें आहे. अजून आलेला नाहीं." हें ऐकून आम्हांस वाईटही वाटलें आणि बरेंही वाटलें. वाईट त्या मुलासाठीं. बरें अशासाठीं, कीं ही नोंद आमच्या पुतण्याच्या वहींत नसली तरी मनांत होती.

वाईस परतलों. बंधू ओटीवर बसले होते. आम्हीं पाहिलें तें सर्व, न वाढवितां व न झांकतां, सांगितलें. मिळकत यंत्र देत नसून दुसऱ्याच्या ओटीवर बसून त्याचें काम समजून घेणें आणि चूक झाल्यास स्वतः दारांत उभें राहणें, याचे ते पैसे आहेत, असें आमचें मत झाल्याचेंही सांगितलें.

"म्हणजे तो परत येत नाहीं तर," बंधू म्हणाले.

"नाहीं, दादा."

"त्या कारागिराचे पैसे त्यानें आपण होऊन परत केले?"

"आपण होऊन."

बंधू बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग आंत पाहून वहिनींस म्हणाले, "या खेपेची हळद त्या हरिपुरच्या दुकानांतून मागवा." वहिनींनीं निरोप धाडला. थोड्याच वेळांत बिल आलें. बंधूंनीं चष्मा लावून तें दोनदां वाचलें, वजन व दर यांचा गुणाकार बोटांवर करून पाहिला, आणि फोन वहिनींच्या हातीं देत म्हणाले, "बरोबर आहे."