छाटलेली कड

छाटलेली प्रत न छाटलेल्या प्रतीपेक्षा देखणी दिसते. जुन्या कॉमिक्सची पारख करणाऱ्याला याहून छळणारं दुसरं काही नाही. फाटलेलं पान, गंजलेली पिन, कसरीनं कुरतडलेला कोपरा हे दोष दोषासारखेच दिसतात. चिकटपट्टी कितीही आतून लावली तरी तिचा पिवळा डाग काही वर्षांत बाहेर उमटतोच. छाटणी मात्र गुणाच्या रूपात समोर येते. कडा सरळ, कोपरे काटकोनात, पिवळेपणाची झालर नाहीशी झालेली. प्रत पाठवणारा फोनवर हरखून सांगतो, "काका, मिंट आहे, बघाच तुम्ही." त्याचा तो आनंद मोडायचं काम माझ्याकडे येतं.

माझ्याकडे येतात ती बहुतेक इंद्रजाल कॉमिक्स, त्यातही मराठी. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीनं ती मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. ली फॉकचे वेताळ आणि मँड्रेक, १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. हे अंक जपण्यासाठी कुणी घेतले नव्हते. ते वाचले गेले, चाळीत या खोलीतून त्या खोलीत गेले, एसटीत विसरले गेले आणि उरलेले रद्दीत गेले. म्हणून एखादी मराठी प्रत फार स्वच्छ दिसली की मी आधी विचारतो, ही इतकी स्वच्छ राहिली कशी? पुष्कळदा उत्तर एकच निघतं. ती बांधलेली होती.

वाचनालयवाले पाच-सहा अंक एकत्र करून बाइंडरकडे द्यायचे. तो पाठीपासून थोडं आत टोच्यानं भोकं पाडून दोरा ओवायचा, पाठीला खळ लावायचा, पुठ्ठा चढवायच्या आधी तीन बाजू कटिंग मशीनखाली सरकवायचा. गठ्ठ्यातले अंक तंतोतंत एका मापाचे नसत. सगळ्यात लहान अंकाच्या मापानं बाकीचे कापले जात. दोन मिलिमीटर, कधी तीन. पुढे तो खंड गावभर फिरला तरी मार बसायचा पुठ्ठ्याला. आतल्या अंकांच्या कव्हरला ऊन लागायचं नाही, बोटांचं तेल लागायचं नाही. असा खंड आज सोडवला की मधल्या अंकाचा लाल रंग बघून माणूस गप्प होतो. ज्या बांधणीनं कड खाल्ली तिनंच रंग राखला. ही गाठ मला आजवर सुटलेली नाही.

खूण शोधायची कुठे? न्यूजप्रिंटच्या लगद्यात लाकडातला लिग्निन तसाच राहिलेला असतो. हवा आणि उजेड लागला की तो तपकिरी होत जातो, आणि हवा शिरते कडेनं. त्यामुळे न छाटलेल्या पानाला कडेशी सगळ्यात गडद पट्टा असतो आणि आत जाता जाता तो फिकट होतो. छाटणीनं गडद पट्टा उडतो, आतली फिकी छटा उरते. रंग सुरुवातीपासून न चढता मध्येच सुरू झाल्यासारखा वाटतो. पण हे छाटणी ताजी असेल तर. अंक निघाल्यानंतर दोन-चार वर्षांतच वाचनालयानं बांधलेल्या प्रतीला त्यानंतर पुन्हा पट्टा चढलेला असतो, आणि तो अस्सल पट्ट्यासारखाच असतो. म्हणजे जी छाटणी सगळ्यात जुनी, तीच सगळ्यात चांगली लपते.

मग माप घ्यायचं. पण छापखान्यातही अंक थप्पीनं कापले जायचे, आणि एकाच अंकाच्या दोन अस्पर्श प्रतींमध्ये मिलिमीटरभर फरक सहज सापडतो. मग कव्हरची शाई बघायची. इतक्या वर्षांत कव्हरच्या कडेची शाई झिजून केसाएवढी पांढरी रेघ दिसायला हवी. शाई थेट धारेपर्यंत ताजी असेल तर संशय घ्यायचा. अंकाचा क्रमांक आणि किंमत कडेपासून किती आत आहेत तेही बघायचं. तिन्ही बाजू कापल्यात की फक्त समोरची, पाठीजवळ दोऱ्याची भोकं आहेत का, की ओलावा देऊन दाबून मिटवली आहेत. यातली एकही खूण एकटी पुरत नाही. चार खुणा एका दिशेला बोट दाखवतात आणि पाचवी उलटी निघते, तेव्हा ती प्रत माझ्या टेबलावर आठवडाभर पडून राहते. घरातली माणसं मग तिच्याभोवती जेवतात.

आजवर ही पाचवी खूण मी बोटांनी वाचत आलो. न छाटलेली कड हात लागून लागून मऊ पडते, एकेक पान सुटं सुटं लागतं. नंतर कापलेली कड, कितीही जुनी असो, अंगठ्याखाली एकसंध सरकते. हे मी कुणाकडून शिकलो नाही आणि कुणाला शब्दांत शिकवू शकलो नाही. गेल्या पावसाळ्यापासून मात्र अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं आहे. साखरेचा परिणाम, परत येईल याची खात्री नाही असं डॉक्टर म्हणाले. डोळे शाबूत आहेत, टॉर्च आहे, भिंग आहे, अतिनील दिवा आहे. आजचा पांढरा कागद त्या दिव्याखाली निळसर चमकतो आणि जुना न्यूजप्रिंट चमकत नाही, त्यामुळे नवीन कागदाचं ठिगळ लगेच पकडलं जातं. कड मात्र आता माझ्याशी बोलत नाही.

त्या बोटांचा मला गर्व होता. संग्राहक जमले की मी प्रत हातात घेऊन डोळे मिटायचो आणि कडेवरून अंगठा फिरवून निकाल द्यायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती. लोक बघत असायचे म्हणून मिटायचो. माझ्या चिठ्ठीवर सौदे मोडायचे, जुळायचे, आणि त्याची मला चटक लागली होती. पैसे मी नाममात्र घेत आलो, तेही बहुधा यासाठीच की माझा शब्द विकत मिळत नाही असं लोकांनी म्हणावं.

एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. छपाईच्या धंद्यातली आहे, कागदाची जाण तिला आधीपासून आहे. तिनं माझ्या बोटांवर विसंबायचं पहिल्यापासून नाकारलं. डिजिटल व्हर्निअर घेऊन ती प्रत्येक प्रतीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन जागी मोजते आणि तक्त्यात टाकते. ज्या प्रती एकाच घरात न बांधता राहिल्या आहेत त्यांची मापं वेगळ्या रकान्यात. त्यावरून अमुक वर्षाचा न छाटलेला अंक कुठून कुठवर असू शकतो याचा अंदाज बांधता येतो. मी बोटांनी निकाल दिलेल्या प्रती तिनं पुन्हा मोजल्या. तिचा तक्ता कुठेतरी फसावा अशी माझी इच्छा होती. तो माझ्या चिठ्ठ्यांशी जुळला आणि मला आनंद व्हायला हवा होता. मी तिला शाबासकी दिली नाही, पुढचा गठ्ठा सरकवला. जे मला वाचता येतं ते मोजताही येतं, हे मला नको होतं.

अमेरिकेत हा सगळा कारभार कधीच रीतसर झाला आहे. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-पुस्तिका १९७० ची. सीजीसी ही कंपनी २००० पासून अंक तपासते, ०.५ ते १० मध्ये ग्रेड देते आणि प्लॅस्टिकच्या कवचात बंद करते. साध्या प्रतीला निळी पट्टी, दुरुस्त केलेल्या प्रतीला जांभळी. छाटणी जांभळ्यात जाते, आणि हे मला मनापासून पटतं. दोष आकड्यात विरघळवून टाकला नाही, त्याला वेगळा रंग दिला. तरीही अगदी बारीक छाटलेल्या प्रती तिथल्या तपासणीतून निसटल्या होत्याच. दाबाबद्दल मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही. उष्णता, ओलावा आणि दाब देऊन सुरकुती सपाट करतात आणि सीजीसी त्याला दुरुस्ती मानत नाही. मी मानतो. अशी सपाट केलेली सुरकुती मुंबईच्या जुलैत हळूहळू पुन्हा वर आलेली मी पाहिली आहे.

तिकडचा सगळ्यात गाजलेला छुपा दोष 'इन्क्रेडिबल हल्क'च्या १८१ व्या अंकातला. नोव्हेंबर १९७४, वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन. त्या वर्षी मार्व्हलनं अंकांच्या आत छोटी तिकिटं छापून मुलांना ती कापून जमवायला सांगितलं होतं. मुलांनी कापली. कव्हर लखलखीत, आत एका पानाला चौकोनी खिडकी, आणि किंमत कोसळलेली. पण त्या दोषाला निदान तोंड आहे. पानं उलटली की कळतं, तिकीट आहे किंवा नाही. छाटणीत असा निकाल लागत नाही.

आपल्याकडच्या बाजारात सध्या जे चाललं आहे त्याचा मला संताप येतो. जुन्या अंकाला स्कॅन करून छापलेलं कव्हर चढवतात, दोन अर्धवट प्रतींची एक करतात, गंजक्या पिना काढून नव्या ठोकतात आणि वर 'ओरिजिनल' म्हणून विकतात. अमर चित्र कथेच्या कुठल्याशा नंतरच्या छपाईला पहिली आवृत्ती म्हणतात, कारण नंबर तोच आहे. पूर्वीचा पदपथावरचा विक्रेता भाव वाढवून सांगायचा, पण सेंटर पान नसेल तर स्वतःहून दाखवायचा. आता फोटो येतो, तोही फक्त कव्हरचा.

आणि याच लोकांनी माझी गाठ आणखी घट्ट केली आहे. वाचनालयाच्या बाइंडरनं अंक टिकावा म्हणून कापला. आजचा विक्रेता फाटकी कड लपावी म्हणून कापतो. दोघांचे दोन मिलिमीटर सारखेच. माझ्या चिठ्ठीत मी हा फरक लिहीत आलो आणि ग्रेडही वेगळी देत आलो. बाजारात ते कळल्यावर नवी छाटलेली प्रतसुद्धा 'लायब्ररीची आहे हो' म्हणून येऊ लागली. कुणी कुणी पाठीजवळ भोकंही पाडून आणतं.

सध्या टेबलावर वेताळाचा एक अंक आहे, साठीच्या दशकातला. तीन बाजू कापलेल्या, भोकं जुनी, पाठीला खळीचा खरबरीत थर, आतल्या पानावर पुसट गोल शिक्का. लाल रंग कालचा वाटावा असा. मुलीचं म्हणणं, "काका, छाटलेली लिहा आणि थांबा. कागदाला हेतू कळत नाही." तिच्या पद्धतीनं ती बरोबर आहे, आणि तिच्या हातात चिठ्ठ्या जातील तेव्हा त्या माझ्यापेक्षा स्वच्छ असतील. मी या प्रतीसाठी तिची तिन्ही मापं चिठ्ठीत घातली आहेत, 'छाटलेली' वर ठळक लिहिलं आहे आणि ग्रेड तिनं सुचवली तीच दिली आहे. खाली एक ओळ माझी आहे: वाचनालयाची बांधणी, खंडातून सोडवलेली, रंग त्यामुळे शाबूत. ही ओळ काढा म्हणून घेणाऱ्याचा आधीच फोन येऊन गेला, पुढे विकताना अडचण होते म्हणून. काढणार नाही असं त्याला सांगितलं आहे.