समुद्राच्या कडंकडंनं

२०२१ च्या जानेवारीत तूर घरात आली आणि मी सायकल काढली. बावीस इंची काळी सायकल, गिअर-बिअर काही भानगड नाही. कॅरिअरला ताडपत्री, घोंगडी, दोरी, तवा आणि पाच किलो ज्वारीचं पीठ बांधलं. घरचे म्हणाले, त्रेसष्टाव्या वर्षी हे काय सुचलं? सुचलं कशाचं, घरात बसणं नको झालं होतं. रस्त्याकडेच्या तीन एकराला प्लॉटिंगवाल्याचं गिऱ्हाईक आलेलं. थोरल्याला बयाना घ्यायची घाई, आणि माझ्या तोंडातून हो निघेना की नाही निघेना.

त्या तीन एकरांत माझी मोसंबी होती. सव्वातीनशे झाडं, चौदा वर्षांची. २०१२ ला पाऊस गेला, विहीर आटली, बोअर पाचशे फुटांवर नुसती धूळ उडवायला लागलं. दोन महिने टँकर विकत घेऊन घातले. २०१३ च्या उन्हाळ्यात झाडं तोडून सरपण केलं. आमच्या जालन्याकडं तेव्हा घरोघरी हेच होतं. तेव्हापासून त्या रानात कपाशी, सोयाबीन. झाड म्हणून लावलं नाही.

शेजाऱ्याची मृग बहाराची मोसंबी वाशीच्या मार्केटला चालली होती. त्या गाडीत सायकल टाकली. वाशीहून पनवेल, पेण करत अलिबाग गाठलं. तिथून पुढं समुद्र उजव्या हाताला धरायचा, एवढाच माझा नकाशा.

कोकणचा किनारा म्हणजे सपाट रस्ता असं आम्हा घाटावरच्या लोकांना वाटतं. तसं काही नाही. रेवदंड्याचा पूल ओलांडला की चढ सुरू. डोंगर थेट पाण्यात उतरलेला, रस्ता त्याच्या कमरेवरून. चढाला मी उतरून सायकल ढकलत जायचो, उताराला दोन्ही ब्रेक दाबून. अर्धा कोकण मी पायीच पाहिला म्हणा ना. काशीद, मुरूड झालं. राजपुरीपाशी जंजिरा पाण्यात बसलेला दिसला. आगरदांड्याला फेरीबोट; तिला तिकडं जंगलजेटी म्हणतात. तिच्यात मोटारी, मोटरसायकली, माणसं आणि माझी सायकल. खाडी ओलांडून दिघीला उतरलो.

मुक्काम कुठं देवळाच्या ओसरीत, कुठं सुरूच्या झाडाखाली. पहिल्या रात्री वाळूत ताडपत्री अंथरत होतो, तर एक कोळीण मावशी लांबून ओरडली, "ओ बाबा, वर सरका! रात्री भरती येल तिथपर्यंत." वाळलेल्या शेवाळाची रेघ दिसते ना, तिच्या वर झोपायचं, हे तिनं शिकवलं. तीन दगड मांडून भाकरी केली. वारं असं, की भाकरीबरोबर चिमूटभर वाळू ठरलेली. पहाटे घोंगडी दवानं जड व्हायची. चार दिवसांत साखळीवर गंज चढला. खारी हवा लोखंडाला ठेवत नाही.

दिवेआगरला मात्र दोन दिवस अडकलो. तिथं नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत असं ऐकून होतो. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. गेलो तर वाड्यांतून आभाळ दिसत होतं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तिथून गेलेलं. पोफळी मधूनच मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. सात महिने झाले तरी ओंडके पडून होते.

एका वाडीत पाणी मागायला शिरलो. माझ्याहून थोराड गृहस्थ आळी खणत होते. म्हणाले, "रहाटाच्या विहिरीचं घ्या, गोड आहे." पाहिलं तर विहीर जेमतेम वीस फूट, तोंडाशी पाणी, आणि समुद्राचा आवाज कानावर. मी चाखून पाहिलं. खरंच गोड! पाचशे फूट खाली जाऊन मला जे मिळालं नाही, ते इथं खाऱ्या पाण्याच्या शेजारी वर आलेलं. खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटला. मग वाडीकडं नजर गेली आणि वाटलं, ह्याचा काय हेवा करायचा?

"किती गेली?" मी विचारलं.

"दोनशे पोफळी, तीस माड. आजोबांनी लावलेले. भरपाई आधी हेक्टराच्या हिशेबानं म्हणाले. आमची वाडी वीस गुंठ्यांची. हेक्टर आणायचा कुठून?"

मी माझ्या मोसंबीचं सांगितलं. त्यांनी कुदळ ठेवली. "तुम्ही स्वतः तोडलीत?" म्हणाले. मी हो म्हणालो. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रोपं लावली. आधी केळी लावायची, तिच्या सावलीत पोफळीचं रोप. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही. फळ धरायला सहा-सात वर्षं. मला विचारायचं होतं, पण त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला असं कसं विचारणार? त्यांनीच ओळखलं. "मुलगा मुंबईला आहे. तो म्हणतो रिसॉर्ट करू," एवढंच बोलले आणि पुढच्या आळ्याकडं सरकले. निघताना त्यांनी मला जुन्या पोफळीच्या चार सुपाऱ्या दिल्या. आमच्याकडं लावून उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं.

पुढं शेखाडी, आरावीचा रस्ता अगदी पाण्याला चिकटून. काळा फत्तर, त्यावर लाट फुटते आणि तोंडावर तुषार येतात. हरिहरेश्वरला ओहोटी पाहून प्रदक्षिणा केली. भरतीला ती वाट बंद असते. समुद्रानं खडकाला अशी भोकं पाडलीत, जणू वाळवीनं खाल्लेलं लाकूड. एका घळीत बसून मी हिशेब केला. शेततळं केलं, ठिबक केलं, तर एक एकर निघेल. तीन नाही, एक.

बागमांडल्याला फेरीबोटीची वाट बघताना थोरल्याला फोन लावला.

"बयाना घेतला का?"

"नाही दादा, तुमची वाट बघतोय."

"विहिरीकडचा एक एकर सोडून बोलणं कर. बाकीचं आल्यावर बघू."

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुडघा कसाय?"

"चालतोय," म्हटलं. तेवढ्यात बोट लागली. पलीकडं वेसवी, आणि तिथून वर चढणारा रस्ता ह्या काठावरूनच दिसत होता.